'पीसीओएस': नावाने केलेला घोटाळा

चेहऱ्यावरील मुरुमांसाठी त्वचारोगतज्ज्ञ, वाढत्या वजनासाठी आहारतज्ज्ञ, पाळी लांबते म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ आणि खचलेल्या मनासाठी बहुधा कुणीच नाही! पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम अर्थात 'पीसीओएस' असलेल्या शहरी तरुणीची फरफट साधारण अशी असते. प्रजननक्षम वयातील १० ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असून, त्यांपैकी सुमारे ७० टक्के जणींचे निदानच झालेले नसते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

गोंधळाचे मूळ नावातच आहे. शिकागोतील स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये या विकाराचे वर्णन केले. पुढे 'सिस्ट' हा शब्द त्याला कायमचा चिकटला. वास्तविक, सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेत. वाढ अर्ध्यावर थांबलेल्या त्या बीजपुटिका असतात. अनेक जणींच्या बाबतीत खरी कुरबुर इन्सुलिनची असते. शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही, म्हणून ते अधिक स्रवते. परिणामी बीजांडकोशात पुरुषी संप्रेरके वाढतात आणि बीज वेळेवर बाहेर पडत नाही. हनुवटीवर केस, डोक्यावरचे मात्र विरळ, मान काळवंडलेली, ही त्याचीच रूपे. सडपातळ मुलीही यातून सुटत नाहीत.

अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक आणि सोनोग्राफीतील चित्र या तिन्हींपैकी दोन गोष्टी आढळल्यास निदान करावे, असा निकष २००३ मध्ये रॉटरडॅम येथे ठरला. मात्र, पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, असे २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे बजावतात. कारण त्या वयात निरोगी मुलींमध्येही तसे चित्र दिसू शकते. आपल्याकडे सोळा वर्षांच्या मुलीच्या अहवालात हा शब्द उमटला, की घरात पहिली चर्चा होते ती लग्नाची आणि मुलाबाळांची! ही भीती अवाजवी आहे. उपचारांनी बहुतेकींना मातृत्व लाभते.

खरी हयगय होते ती त्यानंतर. पाळी नियमित झाली किंवा मूल झाले, की फाइल बंद होते. मधुमेहाचा धोका मात्र कायम राहतो. म्हणूनच निदान होताच आणि नंतर दर एक ते तीन वर्षांनी रक्तातील साखर तपासावी, नैराश्याचीही चौकशी करावी, असे हीच तत्त्वे सांगतात.