मुदत संपलेला रोल

मोबाईल हाती येण्यापूर्वी आपल्या घरांत फोटो काढणे ही खर्चाची बाब होती. ३६ फोटोंचा रोल लग्नाला, नामकरणाला पुरवून पुरवून वापरायचा आणि उरलाच तर पेटीत ठेवायचा. असे रोल आजही काही घरांत पडून असतील. हल्ली हौशी तरुण मंडळी मुद्दाम जुने रोल कॅमेऱ्यात घालून फोटो काढतात. तेव्हा घरातला रोल केरात टाकण्यापूर्वी चार गोष्टी समजून घ्याव्यात, असे आम्हांस वाटते.

फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. उजेड पडला की त्यांच्यात बदल होतो व धुतल्यावर चित्र दिसते. परंतु उष्णता आणि दमट हवा यांमुळे उजेड न पडताही हे कण हळूहळू बिघडतात. फिल्म मंद होते, फोटोवर धुके येते. रंगीत फिल्मचे तीन थर सारख्या वेगाने जुने होत नाहीत, म्हणून रंग बिघडतात. कृष्णधवल फिल्म अधिक टिकते. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल अनेकांना आठवत असेल. तो कारखाना आता बंद आहे. म्हणजे आज मिळेल तो 'इंदू' मुदत संपलेलाच!

कोरा रोल वापरायचा असेल तर खोक्यावरची मुदत पाहावी. रंगीत निगेटिव्हसाठी ढोबळ नियम असा, की मुदत सरल्यानंतर दर १० वर्षांना उजेड दुप्पट द्यावा. मुदत संपून २० वर्षे झालेला १०० ए.एस.ए.चा रोल २५ चा समजावा. पत्र्याखाली उन्हाळे काढलेल्या रोलचा भरवसा आणखी कमी. हौस म्हणून तो जरूर वापरा, पण लग्नकार्य त्याच्यावर सोपवू नका.

खरी जपणूक हवी ती फोटो काढलेल्या, पण न धुतलेल्या रोलची. फिल्मचे टोक डबीबाहेर असेल तर रोल बहुधा कोरा. आत गेले असेल तर फोटो असण्याचा संभव अधिक. १८९७ साली स्वीडनचे आंद्रे दोन साथीदारांसह बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले. तिघेही बर्फाळ बेटावर मरण पावले. त्यांची फिल्म १९३० मध्ये सापडली, ती धुतल्यावर ९३ फोटो हाती आले! ती ३३ वर्षे थंडीत होती. आपल्याकडे तशी थंडी नाही, म्हणून उशीर नको.

कॅमेऱ्यात रोल असेल तर आधी गुंडाळून घ्या, मगच झाकण उघडा. धुवायला देईपर्यंत हवाबंद पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा. देताना रोल किती जुना, रंगीत की कृष्णधवल, हे स्पष्ट सांगा. साधी कृष्णधवल फिल्म रंगीतच्या रसायनात गेली तर चांदी निघून जाते आणि चित्रही जाते.

वाचकहो, ज्या आजी-आजोबांचा एकही फोटो भिंतीवर नाही, त्यांचा चेहरा त्या डबीत असू शकतो. या रविवारी पेटी एकदा उघडून पाहा.