सेल मेले, मशीन नव्हे

शहापूर-मुरबाडकडच्या आमच्या वस्त्यांतली पुष्कळ पोरे आज फिटिंगच्या कामावर आहेत. फर्निचर, ग्रिल, खिडक्या, पत्र्याची शेड. बिनवायरचे ड्रिल हे त्यांचे पोटाचे हत्यार. काही वर्षे ते इमानाने चालते, मग दहा स्क्रू मारले की मान टाकते. दुकानदार म्हणतो, हे मॉडेल बंद झाले, नवे मशीन घ्या. म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी गेली. अशी मशिने पोटमाळ्यावर धूळ खात पडतात. मोटर ठीक, गिअर ठीक; मेलेले असतात ते फक्त सेल.

जुन्या पॅकमध्ये निकेल-कॅडमियमचे सेल असत. एक सेल १.२ व्होल्टचा, असे दहा जोडले की १२ व्होल्ट. आता पिकअपची बॅटरी बघा. आत सहा कप्पे, एकेक सुमारे २.१ व्होल्टचा, भरलेली असेल तर १२.६. म्हणजे १२ व्होल्टच्या ड्रिलला हवे तेच. १४.४ चे मशीन जरा सावकाश फिरेल, पण फिरेल. १८ चे रडतखडत चालते, त्याच्या नादी लागू नये. ताकद वाढावी म्हणून दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट देण्याची हुशारीही नको, मोटर जळेल. लिथियमचा पॅक मात्र उघडूच नका, तो पेट घेतो.

काम सोपे आहे. पॅकचे खोके उघडून मेलेले सेल सगळे काढायचे. ते आत ठेवून वायर जोडली तर गाडीची बॅटरी त्यांच्यात बेलगाम करंट ढकलते आणि ते तापतात. मग रिकाम्या खोक्यातल्या प्लस-मायनसच्या पट्ट्यांना वायर डाग देऊन पक्की करायची, आत एक गाठ मारायची म्हणजे ओढ डागावर येत नाही. प्लस-मायनस उलटे झाले तर कमी-जास्त वेगाचा स्विच जळू शकतो. म्हणून लाल आणि काळी अशा दोनच रंगांच्या वायरी घ्याव्यात.

वायरीत काटकसर करू नका. ड्रिल अडकले की २० अँपिअर सहज ओढते, कधी त्याहून जास्त. तीन मीटर लांबीला १ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर जाऊन-येऊन दोन व्होल्ट वाटेतच संपतात. ४ ची घेतली तर अर्धाच. आणि फ्यूज. इथे आम्ही हट्टाने सांगतो. घरात शॉर्ट झाले तर वीज पडते, गाडीच्या बॅटरीला असे काही नसते. ती शेकडो अँपिअर ओतते, वायर लाल होते, गाडी पेटते. ३० अँपिअरचा फ्यूज लाल वायरीवर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच हवा. मशीनजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही. फ्यूज उडाला म्हणून तिथे तार गुंडाळणाऱ्याला कामावरून घरी पाठवावे.

क्लिप लावताना बॅटरीजवळ विडी नको. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. आधी लाल क्लिप, मग काळी, शेवटी मशीन. पाना दोन्ही टोकांना एकदम टेकू देऊ नका. पाणी अंगावर उडाले तर ते ॲसिड आहे, भरपूर साध्या पाण्याने धुवावे.

गाडी बहुधा दुसऱ्याची असते. वस्तीतलाच एखादा ड्रायव्हर, पहाटे भाजी घेऊन कल्याणच्या बाजार समितीत जाणारा. रात्री आपण त्याची बॅटरी पिऊन टाकली आणि चारला गाडी सुरू झाली नाही, तर त्याचा दिवस बुडाला. आधी विचारा. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतला पाव हिस्साच घ्यावा. तेवढ्यात सरासरी १० अँपिअरने मोटर पाऊण तास फिरते, आणि स्क्रू मारायला ते भरपूर झाले. मीटरने मोजा: गाडी थांबलेली, दिवे बंद, आकडा १२.४ च्या खाली आला की थांबा. मोटारसायकलच्या बॅटरीला मात्र हे झेपत नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचा विषयही त्यांच्याकडेच होता. वीज स्वस्त आणि मुबलक हवी हा त्यांचा आग्रह. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ निघाले ते त्यांच्याच खात्यातून. पाड्यावरच्या विहाराला पत्रे चढवायचे असतात नेमकी तेव्हाच लाइट जाते, ही गोष्ट वेगळी. त्या दिवशी पिकअप दाराशी उभी करा, काम अडणार नाही.

काढलेले सेल पोरांच्या हाती देऊ नका, चुलीत तर मुळीच नको. कॅडमियम विषारी आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा डब्यात भरून ठेवावेत आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्यावेत.