पालवणकर बाळूंची पहिली वर्षे

दासगावच्या बंदराचे महत्त्व आमच्या विद्यार्थ्यांना निराळे सांगावे लागत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब बोटीने येथे उतरले आणि सत्याग्रहासाठी महाडास गेले, हे पाचवीतला मुलगाही सांगतो. परंतु त्यापूर्वी सुमारे तीस वर्षे, पुण्याच्या क्रिकेट मैदानावर एका चर्मकार तरुणापुढे पाण्याचा व पेल्याचा हाच प्रश्न उभा होता, हे त्याला ठाऊक नसते. त्याचा दोष आम्ही मुलांना देत नाही. तो आम्हा सांगणाऱ्यांचा आहे.

पालवणकर बाळू यांचे वडील पुण्यात लष्कराच्या नोकरीत होते. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या चेंडू-फळीवर बाळू व धाकटे बंधू शिवराम खेळ शिकले. बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या क्लबात, महिना ३ रुपयांची. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. पगार ४ रुपये. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, जाळी बांधायची, टेनिसच्या मैदानावर रेषा आखायच्या, हे काम. पुढे साहेबांच्या सरावासाठी चेंडू टाकण्याचे कामही आले. ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देत, असे सांगतात. या सरावातूनच बाळूंची डावखुरी फिरकी घडली. फळी मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबाचा मान आणि गोलंदाजी ही नोकराची मेहनत, अशी ती वाटणी होती.

गोऱ्यांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा, हे पुण्याच्या हिंदू खेळाडूंनाही कळले. बरीच कुरकुर होऊन त्यांना संघात घेतले गेले. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातून फिरे, त्याला विटाळ नव्हता. चहाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या पात्रातून चहा मिळे, आणि जेवणाचे पानही वेगळे. गुण हवा, माणूस नको, या व्यवहाराचे इतके उघड उदाहरण आम्हाला दुसरे आठवत नाही. पुढे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच गोलंदाजाने ११४ बळी घेतले.

मग आमच्या वर्गांतून हे नाव गळाले कसे? कारण उघड आहे. बाळूंनी १९३२ च्या पुणे करारावर सही केली. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले व पडले. आमचे त्यांच्याशी मतभेद आहेत आणि ते आम्ही लपवीत नाही. परंतु बाबासाहेबांनी स्वतः तरुणपणी ज्यांचा अभिमान बाळगला, त्यांना आम्ही नंतरच्या राजकारणापायी पुसून टाकावे, हे इतिहासाच्या शिक्षकाला पटत नाही. चार रुपये पगाराच्या त्या मुलाने अजून कोणाचीच बाजू घेतलेली नव्हती.

वसतिगृहातली आमची मुले संध्याकाळी भाताच्या रिकाम्या खाचरांत खेळतात आणि परीक्षा जवळ आली की आम्हीच पहिला बंद करतो तो खेळाचा तास. (हे लिहिताना थोडी लाज वाटते.) अलीकडे १९३७ ची निवडणूक शिकवताना आम्ही पराभूत उमेदवाराचे नावही फळ्यावर लिहितो. एखादा मुलगा विचारतोच, "सर, हे क्रिकेटवाले का?" मग उरलेला तास त्यालाच जातो.