घरांची देखरेख आणि दलालीचा परवाना

कासारसाई गांव आणि हिंजवडीची संगणकनगरी हीं दोन्हीं मुळशी तालुक्यांतच आहेत. नोकरीनिमित्त येणाऱ्या तरुणांमुळें या भागांत भाड्याच्या घरांस मागणी असते. मालक पुष्कळदां परगांवीं वा परदेशीं. म्हणून किल्ल्या संभाळणें, भाडें वसूल करणें, नळ-विजेची दुरुस्ती पाहणें हीं कामें एखाद्या ओळखीच्या होतकरू गृहस्थाकडे येतात. दहा घरांचीं वीस झालीं म्हणजे त्यास वाटूं लागतें, कीं आतां नव्या इमारतींतील सदनिकाही विकून द्याव्या.

येथें मात्र कायद्याचा उंबरठा लागतो, हें आम्ही वाचकांच्या ध्यानीं आणूं इच्छितों. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाचें ९ वें कलम सांगतें, कीं नोंदणीकृत प्रकल्पांतील विकासकाच्या जागेची विक्री जुळवून देणारानें आधीं स्वतःची नोंदणी केली पाहिजे. निव्वळ भाड्याचा व्यवहार या कलमाखालीं येत नाहीं. तेव्हां भाड्याचा अनुभव कितीही दांडगा असला, तरी तो विक्रीचा परवाना नव्हे.

महाराष्ट्रांत ही नोंदणी महारेरा या प्राधिकरणाकडे होते. २०१७ च्या नियमांनीं तिचें शुल्क एकट्या व्यक्तीस १०,००० रुपये व पेढीस १,००,००० रुपये ठरविलें. मुदत ५ वर्षें. शिवाय १ जानेवारी २०२४ पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण झाल्याचें प्रमाणपत्रही आवश्यक झालें आहे. नोंदणीवांचून दलाली करणारास दर दिवसास १०,००० रुपये, आणि एकूण जागेच्या किंमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊं शकतो.

भाड्याचें कामही अगदीं मोकळें नाहीं. १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाच्या ५५ व्या कलमान्वयें भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. ती जबाबदारी घरमालकाची. देखरेख करणारानें त्यास तिची आठवण द्यावी.

इतका बंदोबस्त कशासाठीं, असें कोणी विचारील. संस्कृतांत मध्यस्थ म्हणजे जो कोणत्याही पक्षाचा नाहीं तो. विक्रीच्या दलालास मोबदला पुष्कळदां विकासकाकडून मिळतो. घरांतील वडील मंडळी मात्र त्यास आपला माणूस समजून जन्माची पुंजी त्याच्या शब्दावर मोकळी करतात.

म्हणून दलाल सख्खा पुतण्या असला, तरी रक्कम देण्यापूर्वीं त्याचा व प्रकल्पाचा असे दोन्ही नोंदणी-क्रमांक मागावे, आणि ते महारेराच्या संकेतस्थळावर घरांतील मुलांकडून पडताळून घ्यावे. क्रमांक विचारल्यानें नातें तुटत नाहीं. बुडालेल्या पुंजीनें तें तुटलेलें मात्र आम्हीं पाहिलें आहे.