अभंगाला पावती मागणाऱ्यांना

मध्यंतरी ओतूरला महाविद्यालयांच्या गॅदरिंगचा विषय निघाला होता. एका जाणत्या गृहस्थांनी ठासून सांगितलं की, ज्या गाण्याच्या परवान्याची पावती फाईलला नाही, ते स्टेजवर होता कामा नये. पोरानं गायलं काय किंवा स्पीकरवर वाजलं काय, चोरी ती चोरीच. समोरच्या माना डोलल्या. मला त्या डोलणाऱ्या मानांचं जास्त वाईट वाटलं.

कारण याच समजुतीपायी एका मुलीचा अभंग कार्यक्रमातून गळालेला मी पाहिला आहे. भात्याला चिकटपट्टी लावलेली पेटी, मोबाइलवर लावलेला तंबोरा, वहीत शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीनं लिहिलेले स्वर. महिनाभर ती तालीम करत होती. आदल्या दिवशी तिला पावती विचारली.

कायदा असं म्हणतच नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 या गृहस्थांनी उघडून पाहिलेलं दिसत नाही. शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी संगीतरचना सादर केली, तर तो हक्कभंग होत नाही. ध्वनिमुद्रण वाजवायचं असेल तर श्रोते विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच हवेत. म्हणजे ज्या दोन गोष्टी गृहस्थांनी एका दाव्याला बांधल्या, त्या कायद्यानं वेगळ्या मोजल्या आहेत.

त्यांची खरी चूक याच्याही मुळाशी आहे. त्यांना गाणं ही एकच वस्तू वाटते. गाण्यात शब्द असतात, चाल असते आणि ध्वनिमुद्रण असतं. तिन्हींचा धनी वेगळा, तिन्हींची मुदत वेगळी. ज्या ओतुरात तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे, तिथं तरी हे अभंगावरूनच समजून घ्यावं. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, त्यांवर कुणाचा कॉपीराइट नाही. पण ‘अभंग तुकयाचे’मधल्या चाली श्रीनिवास खळ्यांच्या. खळे 2011 मध्ये गेले. रचनाकाराच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क चालतो, म्हणून त्या चाली 2071 अखेरपर्यंत राखीव आहेत. लताबाईंच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण ही तिसरी मालमत्ता, तिची 60 वर्षं प्रकाशनापासून मोजायची. गीतरामायणाचंही तेच. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं. गदिमा 1977 मध्ये गेले, त्यांचे शब्द 2037 अखेर मोकळे होतील. बाबूजी 2002 मध्ये गेले, त्यांच्या चालींना 2062 अखेरपर्यंत थांबावं लागेल. आणि गावच्या भजनी मंडळाची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चाल? तिची पावती कुणी फाडायची, हे गृहस्थांनीच सांगावं.

‘उगाच जोखीम कशाला’ हा त्यांचा दुसरा मुद्दा. कायद्यानं दिलेली सवलत वापरण्यात जोखीम कसली? ‘कलावंतांचं पोट’ हा तिसरा. मुलीला गप्प बसवून एकाही कलावंताच्या पदरात पैसा पडला नाही.

असाच घोळ झेरॉक्सवरून झाला होता. पुस्तकातली चार पानं काढली तरी गुन्हा, असं तेव्हाही छातीठोकपणे सांगत. दिल्लीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानाचा निकाल 2016 साली लागला आणि शिकवण्यासाठी लागणाऱ्या प्रतींना मुभा असल्याचं स्पष्ट झालं. भीती घालणाऱ्यांनी नंतर त्याचा उल्लेखही केला नाही.

म्हणून सगळं फुकट, असं मात्र मी म्हणत नाही. बाहेरचा ऑर्केस्ट्रा बोलावून तिकीट लावलं, तर परवाना घ्या, पैसे भरा. गाव लोटणार असेल आणि डीजे लावायचा असेल, तर घ्या. कार्यक्रमाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचा असेल, तर परवानगीचं आधी बघा. ही सवलत सादरीकरणाला आहे, इंटरनेटवर चढवण्याला नाही. 2012 च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचा हक्क पक्का केला आहे, तो त्यांना मिळालाच पाहिजे. आणि निवेदकानं दर गाण्याआधी कवीचं आणि संगीतकाराचं नाव घ्यावं. आज कित्येक गॅदरिंगमध्ये फक्त सिनेमाचं नाव घेतात, याची मला लाज वाटते.

त्या मुलीचं नाव पुढच्या गॅदरिंगच्या यादीत पहिलं घ्यावं, असं पत्र मी दिलं आहे. सोबत कलम 52 ची प्रत जोडली आहे.