उसातला बिबट्या आणि अंदाजाचे अंतर

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले ते तीन आठवडे शिरूर तालुका सहजी विसरणार नाही. पिंपरखेड आणि जांबुत या शेजारच्या गावांत बिबट्याने आधी साडेपाच वर्षांची मुलगी, मग एक वृद्ध आजी आणि २ नोव्हेंबरला तेरा वर्षांचा मुलगा असे तीन बळी घेतले. संतापलेल्या लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, पुणे-नाशिक रस्ता अडवला. ४ नोव्हेंबरच्या रात्री ड्रोनच्या मदतीने बिबट्याचा ठावठिकाणा लागला. त्याला बेशुद्ध करण्यासाठी मारलेला डार्ट चुकला, बिबट्या चवताळला आणि नेमबाजांना गोळी झाडावी लागली.

बिबट्या मेला याचे गावाला समाधान वाटले, आणि ते मला समजू शकते. पण ‘डार्ट चुकला’ हे दोन शब्द माझ्या मनातून जात नाहीत. त्या रात्रीच्या नेमबाजांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. अंधारात, उसाच्या कडेला, पिसाळलेल्या जनावरासमोर उभे राहणे म्हणजे काय, हे घरात बसून लिहिणाऱ्याने शिकवू नये. प्रश्न साधनांचा आहे.

परदेशात शिकारी आणि लांब पल्ल्याचे नेमबाज लेसरचे अंतरमापक यंत्र वापरतात. दुर्बिणीसारखे डोळ्याला लावायचे, कळ दाबायची, की समोरच्या वस्तूचे अंतर आत आकड्यात दिसते. यंत्रातून प्रकाशाचा झोत जातो, वस्तूवर आपटून परत येतो, आणि त्याला लागलेल्या वेळावरून अंतर निघते. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात सुमारे तीस सेंटिमीटर जातो. एवढा सूक्ष्म काळ मोजणारे यंत्र आज खिशात मावते आणि एखाद्या बऱ्या मोबाइलच्या किमतीत मिळते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, मग हे यंत्र आपल्याला कशाला, असे वाचक विचारतील. याचे उत्तर त्याच कायद्यात आहे. बिबट्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. तो माणसाच्या जिवावर उठला, तरी त्याला पकडता, बेशुद्ध करता किंवा दुसरीकडे हलवता येत नाही अशी खात्री झाल्यावरच मुख्य वन्यजीव रक्षक ठार मारण्याचा लेखी आदेश देऊ शकतात. म्हणजे डार्ट ही गोळीच्या आधीची पायरी आहे, आणि अंतराची खरी गरज तिथेच आहे.

हिशेब साधा आहे. रायफलची गोळी सेकंदाला आठशे मीटर वेगाने जाते असे धरले, तर पन्नास मीटरवर ती जेमतेम दोन सेंटिमीटर खाली येते. डार्टचा वेग सेकंदाला साठ मीटर धरा. तीस मीटरवर तो सव्वा मीटर खाली येतो आणि चाळीस मीटरवर दोन मीटरहून अधिक. दहा मीटरचा अंदाज चुकला, की डार्ट जनावराच्या पायाखालून किंवा पाठीवरून निघून जातो. शिवाय वायूवर चालणाऱ्या डार्ट बंदुकीचा दाब अंतर पाहून ठेवायचा असतो. तो कमी पडला तर डार्ट पोचत नाही, जास्त झाला तर जनावराला इजा होते.

म्हणून यंत्र निवडताना जाहिरातीतल्या ‘हजार मीटर’ला भुलू नये. तो आकडा बहुधा चकाकणाऱ्या वस्तूचा असतो. जनावराच्या केसाळ अंगावरून प्रकाश कमी परततो आणि पल्ला बराच घटतो. आपल्याला वीस ते साठ मीटर नेमके हवेत. उसात पहिला अडथळा पानांचा, म्हणून पुढचे पान सोडून मागच्या वस्तूचे अंतर सांगणारी सोय हवी. रात्री वाचता येतील असे उजळ आकडे हवेत. आणि यंत्र गजावर नव्हे, मीटरवर लावलेले हवे. चाळीस गज म्हणजे साडेछत्तीस मीटर, हा फरक इथे महाग पडतो. काळ्याकुट्ट अंधारात मात्र या यंत्रातून जनावर दिसत नाही. त्याला उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची जोड लागते. नाहीतर उजेड असतानाच बांध, विजेचा खांब, विहीर यांची अंतरे मोजून ठेवावीत.

अंदाज फक्त बंदुकीपाशीच चुकतो असेही नाही. दौंड तालुक्यात कडेठाणला डिसेंबर २०२४ मध्ये उसाच्या शेतात एका महिलेचा मृत्यू झाला. बिबट्यानेच मारले, असे सर्वांनी धरले. पुढे न्यायवैद्यक तपासणीत बिबट्याचा पुरावा मिळाला नाही आणि पोलिसांनी खुनाचा तपास सुरू केला. भीती पसरली की मोजमाप करायला कुणी थांबत नाही.

यंत्राने सगळे सुटेल असे मी म्हणत नाही. कालव्याचे पाणी आले, घोड आणि भीमेच्या काठाने ऊस वाढला आणि बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला. उसातच जन्मलेल्या पिढ्यांना जंगल ठाऊक नाही. डार्ट लागल्यावरही जनावर लगेच पडत नाही, काही मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात भोवती जमलेली गर्दी सगळ्यांनाच धोक्यात घालते. शेताला दिवसा वीज, वस्तीभोवती मोकळी जागा, घराजवळ शौचालय, संध्याकाळी पोरे अंगणात एकटी नसणे, ही कामे कोणतेही यंत्र करणार नाही.

तरीही प्रत्येक बचाव पथकाकडे डार्ट बंदुकीबरोबर एक अंतरमापक असावा आणि तो हाताळण्याचा सराव नियमाने व्हावा, ही मागणी मोठी नाही. ऊसतोड सुरू झाली की दरवर्षी बिबट्या बांधावर येतो. तो आल्यावर खरेदीचे कागद फिरवण्यापेक्षा पाऊस संपायच्या आत ते फिरलेले बरे.