गढूळ पाण्याला वेळ विचारा



कुपवाडहून समुद्र दिसत नाही. आपल्या भागातले पाणी कृष्णेला मिळते आणि पूर्वेकडे बंगालच्या उपसागरात जाते. म्हणून सहलीला मुंबईस गेलेला आपला विद्यार्थी चौपाटीवरचे मातकट पाणी पाहून सांगतो, "समुद्र फार घाण आहे!" मला हा निकाल घाईचा वाटतो. मुंबईच्या समुद्रात सांडपाणी जाते हे खरे; पण गढूळपणा ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला स्वतःचे वेळापत्रक आहे.

भरती म्हणजे पाणी चढणे, एवढेच आपण पाठ करतो. पण ते पाणी येते कोठून? बाजूने वाहत येते! म्हणजे भरती-ओहोटी हा प्रवाहही आहे. साधारण सव्वासहा तासांनी त्याची दिशा उलटते. तळाच्या वाळूत, मोठ्या कणांच्या फटींत, मातीचे बारीक कण दडलेले असतात. प्रवाह मंद असेपर्यंत ते तेथेच राहतात. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की तळावरची ओढ सुमारे चौपट होते. मग वाळू घरंगळू लागते, फटी उघड्या पडतात आणि बारीक कण वर उसळतात.

प्रवाह थांबल्यावर काय होते? ०.२ मिलिमीटरचा वाळूचा कण १० मीटर खोल तळ दहाएक मिनिटांत गाठतो. ०.०१ मिलिमीटरच्या सुट्या कणाला स्थिर पाण्यात त्यासाठी एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. खाऱ्या पाण्यात असे कण एकमेकांना चिकटून काहीसे लवकर बसतात. तरी पुष्कळसे तळाशी पोहोचण्याआधीच पुढचा प्रवाह सुरू होतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा प्रवाह जोरात असतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा तो मंद असतो. म्हणून एकाच जागेचे पाणी आठवड्याच्या अंतराने निराळे दिसते.

यात बिघडले कोठे? शिसे, तांबे यांसारख्या धातूंचे अंश बारीक कणांना चिकटतात. शांत वेळी घेतलेला नमुना स्वच्छ ठरेल, जोराच्या प्रवाहातला दूषित ठरेल. दोषी सुटेल किंवा निर्दोष पकडला जाईल! माझे मत स्पष्ट आहे : बाटलीवर जागा, तारीख, वेळ आणि भरती की ओहोटी हे लिहिलेले नसेल, तर तो नमुना अर्धाच समजावा.

हे शिकायला समुद्र लागत नाही. परातीत वाळू आणि चिमूटभर काळी माती कालवा, हळूच पाणी ओता आणि दोन दिवस ठेवा. मग तळाला न लागता हाताने पाणी फिरवा. आधी हळू, मग जोरात. वाळू केव्हा हलली, पाणी केव्हा गढूळले, हात थांबवल्यावर किती वेळाने निवळले, ते घड्याळ लावून लिहा.

शिक्षकांनाही विनंती आहे : भरती-ओहोटी शिकवताना चंद्रापाशी थांबू नका, तळापर्यंत उतरा. उद्या ओढ्याच्या वा कारखान्याच्या पाण्याची तपासणी याच मुलांना करायची आहे. पाण्याकडे बोट दाखवण्यापूर्वी घड्याळाकडे पाहण्याची सवय त्यांना आजच लागली पाहिजे.